पायथनच्या तीन आवृत्त्या एकत्र नांदवायच्या कशा? (तूर्तास टर्मिनलच उघडेना)

गोंधळलेला_गडी

नमस्कार मंडळी. फोनवरून लिहितोय, कारण लॅपटॉपवर टर्मिनल उघडत नाहीये. टंकनचुका पोटात घाला.

झालं असं. उबुंटू २२.०४ आहे, त्यात मुळातलं पायथन ३.१०. नव्या कामाला ३.१२ हवं होतं म्हणून डेडस्नेक्सच्या पीपीएमधून (उबुंटूबाहेरचा पॅकेजांचा साठा) ते घातलं. तिथवर ठीक. पण 'पायथन३' टंकलं की येतंय आपलं ३.१०च. शोधाशोध केल्यावर एका लेखात 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज'चा (एका नावाने कोणती आवृत्ती चालावी ते ठरवणारं अवजार) उपाय मिळाला. दोन ओळी चिकटवल्या, यादी आली, ३.१२ निवडलं, आवृत्ती विचारली तर ३.१२! खूश होऊन खिडकी बंद केली. ती बंद केली ती केलीच. आता आयकॉनवर क्लिक केलं की कर्सर थोडा वेळ फिरतो आणि पुन्हा सगळं शांत. ब्राउझर, फाइल मॅनेजर सगळं चालतंय, फक्त टर्मिनल नाही.

वर एक जुना प्रोजेक्ट ३.८ वर अडकलेला आहे, तोही याच मशीनवर चालवायचाय. फॉरमॅट मारून पहिल्यापासून सुरुवात करू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टर्मिनलवासी

फॉरमॅट अजिबात नको. पाच मिनिटांचं काम आहे.

(कमांडा इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमनमध्ये टंका.)

उबुंटूतलं ते ग्नोम टर्मिनल सुरू करणारी फाइल ही एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. तिच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की मला /यूएसआर/बिन/पायथन३ ने चालवा. ती 'जीआय' नावाचं मॉड्यूल मागते, आणि त्या मॉड्यूलचा कंपाइल केलेला भाग ३.१० साठीच बनवलेला आहे. त्या फाइलच्या नावातच 'सीपायथन-३१०' असतं. ३.१२ त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे स्क्रिप्ट जन्मतःच मरते, आणि मरताना दिलेला एरर दाखवायला टर्मिनल कुठे उरलंय?

आता करा असं. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा. काळा पडदा येईल, युजरनेम-पासवर्ड विचारेल (पासवर्ड टंकताना काहीच दिसत नाही, घाबरू नका). आत गेल्यावर (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं):

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --रिमूव्ह-ऑल पायथन३
सुडो एलएन -एसएफ पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३

दुसरी ओळ विसरू नका. पहिलीने पायथन३ ची लिंकच उडते, दुसरी ती जागेवर परत बसवते. मग कंट्रोल-आल्ट-एफ२ ने डेस्कटॉपवर या.

गोंधळलेला_गडी

उघडलं!! दंडवत घ्या.

आता आठवतंय, टर्मिनल बंद करायच्या आधी 'ॲप्ट अपडेट' (ॲप्ट म्हणजे उबुंटूचं पॅकेजं घालायचं अवजार) मारलं होतं, तेव्हा शेवटी 'नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी' असं काहीतरी आलं होतं. मी दुर्लक्ष केलं. तेही याच्यामुळेच का?

टर्मिनलवासी

त्याच्यामुळेच. ॲप्टच्या आजूबाजूची कितीतरी कामं पायथनमध्ये लिहिलेली आहेत आणि 'ॲप्ट_पीकेजी'चाही कंपाइल केलेला भाग ३.१० लाच बांधलेला. /यूएसआर/बिन/पायथन३ हे तुमच्यासाठी ठेवलेलं नाहीच, ते ऑपरेटिंग सिस्टिमचं स्वतःच्या वापरातलं अवजार आहे. तुम्हाला वापरायची मुभा आहे, बदलायची नाही. मुभा म्हणजे सुडो असल्यावर सगळंच करता येतं म्हणा, ते दिसलंच.

उंटावरून

म्हणूनच मी गेली कित्येक वर्षं सगळं डॉकरमध्ये करतो. मशीनवर पायथन घालायचंच कशाला? प्रत्येक प्रोजेक्टचा कंटेनर, म्हणजे बंद डबा, वेगळा, कटकट संपली.

सेमीकोलन

उंटावरून, ज्याला पाथ म्हणजे काय हे अजून कळायचंय त्याला कंटेनर सांगणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. त्या कंटेनरच्या आतही कधीकधी दोन पायथन असतात. डेबियनवर बेतलेल्या पायथनच्या इमेजमध्ये /यूएसआर/लोकल/बिनमध्ये एक असतं, आणि तुम्ही आत ॲप्टने काही घातलंत तर मागच्या दाराने /यूएसआर/बिनमध्ये दुसरं येतं. मग तोच खेळ आत सुरू.

उंटावरून

बरं ताई. मी खाली बसून वाचतो.

टर्मिनलवासी

गडीभाऊ, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही 'स्विच' शोधत होतात, म्हणजे कुठेतरी एक खटका असेल, तो दाबला की सगळीकडे ३.१२. असा खटका नसतो. असतो तो फक्त शोधायचा क्रम.

'पायथन३' टंकलंत की शेल (टर्मिनलमध्ये कमांडा वाचणारा प्रोग्रॅम) पाथ या यादीमधली फोल्डरं डावीकडून उजवीकडे धुंडाळतं आणि त्या नावाची पहिली फाइल मिळाली की तीच चालवतं. बाकीच्या तिथेच असतात, कुणी त्यांना विचारत नाही इतकंच. म्हणून सगळ्यात आधी काय करायचं, तर बघायचं की आपल्याकडे आहेत किती:

टाइप -ए पायथन३

यात सगळे सापडतात, क्रमाने. 'व्हिच' वापरू नका असं नाही, पण तो फक्त पहिला दाखवतो आणि त्यातही एक खोच आहे. बॅश, म्हणजे उबुंटूचं नेहमीचं शेल, एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं. समजा तुम्ही सकाळी /यूएसआर/बिनमधलं पायथन३ चालवलंत आणि दुपारी /यूएसआर/लोकल/बिनमध्ये नवं बसवलंत. पाथमध्ये नवं आधी आहे, 'व्हिच' नव्याचा पत्ता सांगतो, आणि त्याच खिडकीत चालतं मात्र जुनं! माणूस वेडा व्हायची पाळी येते. नुसतं 'टाइप पायथन३' विचारलं तर 'हॅश्ड' असं उत्तर येतं, तिथे चोर सापडतो. 'हॅश -आर' मारा किंवा खिडकी नवी उघडा.

आणि तुमच्या बाबतीत गंमत अशी की तुम्हाला काहीच बदलायची गरज नव्हती. डेडस्नेक्सने दिलेल्या प्रोग्रॅमचं नावच 'पायथन३.१२' आहे. पूर्ण नाव टंकलं की झालं. एकदाच टंकायचं, प्रोजेक्टचं व्हेन्व्ह (त्याच्यापुरतं वेगळं पायथन आणि पॅकेजांचं फोल्डर) बनवताना:

पायथन३.१२ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह

(त्यासाठी 'पायथन३.१२-व्हेन्व्ह' हे पॅकेज वेगळं घालावं लागतं.) त्या व्हेन्व्हमध्ये शिरल्यावर 'पायथन' म्हणजे ३.१२च. जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये तेच ३.८ ने करा. झाल्या तीन आवृत्त्या, आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही.

सेमीकोलन

वरच्याला अनुमोदन. पण ज्यांना ३.८.१० आणि ३.८.२० असे बारीक फरकही तपासायचे असतात त्यांच्यासाठी पायएन्व्ह बरं. मी तेच वापरते.

त्याची युक्ती साधी आहे. ते पाथच्या अगदी पुढे 'शिम्स' नावाचं एक फोल्डर घुसवतं. त्यात पायथन, पिप (पॅकेजं घालणारं अवजार) अशा नावांच्या छोट्या बदली स्क्रिप्टा असतात. तुम्ही 'पायथन' म्हणालात की आधी ही बदली स्क्रिप्ट उठते आणि विचारते, इथे कोणतं हवंय? उत्तर शोधायचा तिचा क्रम ठरलेला आहे. 'पायएन्व्ह_व्हर्जन' हे व्हेरिएबल असेल तर ते. नसेल तर या फोल्डरमधली '.पायथन-व्हर्जन' फाइल, इथे नसेल तर वरच्या फोल्डरमधली, तिथे नसेल तर त्याच्या वरची. कुठेच नसेल तर ग्लोबल. म्हणजे 'पायएन्व्ह लोकल ३.८.२०' ही कमांड करते काय, तर फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल ठेवते. बस्स. फोल्डर बदललं की आवृत्ती बदलली.

सिस्टिमच्या ज्या स्क्रिप्टांनी थेट /यूएसआर/बिन/पायथन३ लिहिलंय त्यांना याचा धक्का लागत नाही. पण ज्यांच्या पहिल्या ओळीत '/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३' आहे त्या पाथ बघतात, त्यांना लागतो. एखादं छोटं अवजार अचानक बिघडलं तर त्याची पहिली ओळ वाचा.

आता त्रासाचा भाग. पायएन्व्ह पायथन तयार आणत नाही, सोर्सवरून तुमच्या मशीनवर कंपाइल करतं. ओपनएसएसएलच्या डेव्ह फाइली (कंपाइल करताना लागणाऱ्या) नसतील तर ते थांबतं आणि सांगतं, ते बरं. पण लिबएफएफआय किंवा एसक्यूलाइटच्या नसतील तर नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातं. ती वॉर्निंग वाचायची सोडून मी उठून गेले होते. आठवड्याने एक लायब्ररी 'नो मॉड्यूल नेम्ड _सीटाइप्स' म्हणून रडायला लागली, आणि मी दोन तास त्या लायब्ररीलाच दोष देत बसले. नंतर फाइली घातल्या तरी जुनं पायथन आपोआप सुधारत नाही, ते पुन्हा कंपाइल करावं लागतं. तेव्हा आधी हे सगळं घाला: बिल्ड-इसेन्शियल, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबबीझेड२-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह.

जुनी_खिडकी

विंडोजवाल्यांना कुणी विचारतच नाही म्हणून मीच लिहितो.

आमच्याकडे 'पीवाय' नावाचा लाँचर असतो, ३.३ पासून पायथनच्या इन्स्टॉलरबरोबरच येतो. 'पीवाय -०पी' म्हटलं की बसवलेल्या सगळ्या आवृत्त्या पत्त्यासकट दिसतात, डीफॉल्टवर तारा असतो. 'पीवाय -३.८' म्हटलं की ३.८. डीफॉल्ट बदलायचा तर 'पीवाय_पायथन' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. पाथची भानगडच नाही.

एक वैताग मात्र आहे. पायथन बसवलेलं असूनही 'पायथन' टंकलं की थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्यूशन एलियासेस' शोधा आणि तिथली पायथनची दोन्ही बटणं बंद करा. ती शून्य बाइटची तोतया फाइल पाथमध्ये आधी सापडते म्हणून हे होतं. टर्मिनलवासींनी सांगितलेला क्रमाचा नियम इथेही तोच.

गोंधळलेला_गडी

सगळ्यांचे आभार. पायएन्व्हचा मोह आवरला नाही, घातलं. ३.१२ आणि ३.८ दोन्ही बसली, सेमीकोलनताईंची यादी आधी घातल्यामुळे वॉर्निंग एकही नाही.

आता नवं कोडं. पायथन --व्हर्जन म्हणतं ३.१२. पिप --व्हर्जन म्हणतं ३.१०. पिपने रिक्वेस्ट्स हे पॅकेज घातलं, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' म्हणाला, आणि पायथन म्हणतंय असं मॉड्यूलच नाही. आगीतून फुफाट्यात?

सेमीकोलन

टाइप -ए पिप मारा आणि पहिला पत्ता सांगा. .लोकल/बिनमधला असणार.

गोंधळलेला_गडी

हो! /होम/…/.लोकल/बिन/पिप. कसं ओळखलंत?

सेमीकोलन

कारण मीही त्यातून गेलेय. :) कधीतरी तुम्ही जुन्या ३.१० ने 'पिप इन्स्टॉल --यूजर --अपग्रेड पिप' केलं असेल. तो तिथे जाऊन बसला. तुमच्या बॅशआरसीमध्ये (नवी खिडकी उघडली की बॅश वाचतं ती फाइल) पायएन्व्हच्या ओळींच्या खाली कुठेतरी .लोकल/बिन पाथच्या पुढे जोडणारी ओळ असेल, म्हणून तो शिम्सच्याही आधी सापडतो.

ती फाइल कॅट करून बघा, जेमतेम आठ-दहा ओळींची आहे. पिप नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम असा नसतोच. ती एक चिठ्ठी असते, वर लिहिलेलं की अमुक पायथनला बोलवा आणि त्याचं पिप मॉड्यूल चालवा. तुमच्या चिठ्ठीवर ३.१० चं नाव आहे. म्हणून चिठ्ठीच्या नादी न लागता नेहमी असं टंकायचं:

पायथन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स

जे पायथन चालणार, त्याच्याच घरात पॅकेज जाणार. वाद मिटला.

जाता जाता. व्हेन्व्हचं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं की तेही याच कारणाने बिघडतं. त्याच्या बिनमधल्या प्रत्येक चिठ्ठीवर जुना पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. हलवू नका, मोडून नवं बनवा.

रात्रपाळी

धागा वाचून जुनी जखम भळभळली.

मागच्या कंपनीत रोज रात्री २ वाजता एक रिपोर्ट निघायचा. स्क्रिप्ट मी लिहिलेली, सर्व्हरवर हाताने चालवून बघितलेली, व्यवस्थित. सर्व्हर उबुंटू २०.०४, म्हणजे त्याचं स्वतःचं पायथन ३.८, आणि माझ्या लॉगिनला पायएन्व्हने ३.११. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) लिहिलं 'पायथन३ रिपोर्ट.पीवाय' आणि निर्धास्त झोपलो. चार दिवस रिपोर्ट नाही. क्रॉनची मेल जिथे जायची ती पेटी कुणी उघडत नव्हतं. पाचव्या दिवशी उघडली, चार सारख्याच मेल: 'नो मॉड्यूल नेम्ड झोनइन्फो'. ते मॉड्यूल आलं ३.९ मध्ये.

क्रॉन तुमची बॅशआरसी वाचत नाही. त्याचा पाथ स्वतःचा, एवढासा, /यूएसआर/बिन आणि /बिन. त्याच्या जगात शिम्स नाहीत, पायएन्व्ह नाही. तसंच सुडोचं. त्याचा पाथ बहुतेक ठिकाणी सुडोअर्स फाइलमध्ये वेगळा बांधून दिलेला असतो, म्हणून 'पायथन' एक आणि 'सुडो पायथन' दुसरं निघू शकतं.

उपाय अगदी रुक्ष आहे. क्रॉनमध्ये व्हेन्व्हमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहा, .व्हेन्व्ह/बिन/पायथनपर्यंत. ॲक्टिव्हेट करायची गरज नाही. ॲक्टिव्हेट मुख्यतः त्या बिन फोल्डरला पाथच्या पुढे आणून बसवतं, पूर्ण पत्ता दिल्यावर त्याचं कामच उरत नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, मलाही नव्हतं.

कंस_पूर्ण

जावावाले हजर आहेत का? आमच्याकडे दोन तलवारी एका म्यानात.

'जावा -व्हर्जन' म्हणतं १७. त्याच खिडकीत मेव्हन (जावाचे प्रोजेक्ट बांधणारं साधन) म्हणतं मी ८ वर आहे. दोघेही खरं बोलतात. टर्मिनल जावा शोधतं पाथमध्ये, आणि मेव्हन बघतं 'जावा_होम'मध्ये. एक बदललं, दुसरं विसरलं, की झालं. शिवाय अपडेट-अल्टरनेटिव्ह्जमध्ये जावा आणि जावासी (कंपाइलर) वेगवेगळे निवडावे लागतात. कंपाइल १७ ने केलं आणि चालवलं ८ ने, तर 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' म्हणून ६१ आणि ५२ असे आकडे तोंडावर मारले जातात. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. आकड्यातून ४४ वजा करा, आवृत्ती मिळते.

बाकी एक मान्य करतो, अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज जावासाठी बिनधास्त वापरावं. जावाच्या जिवावर उबुंटूचं टर्मिनल चालत नाही.

टर्मिनलवासी

+१. हत्यार वाईट नव्हतं, चालवलं चुकीच्या जागी.

नोडवाल्यांसाठीही एक सांगून ठेवतो. एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) हा प्रोग्रॅम नाही, शेलमधलं फंक्शन आहे. म्हणून 'व्हिच एनव्हीएम' काहीच सांगत नाही, आणि 'एनव्हीएम यूज' त्याच खिडकीपुरतं टिकतं. नव्या खिडकीत परत डीफॉल्ट. कायमचं हवं तर 'एनव्हीएम एलियास डीफॉल्ट'.

यूव्ही_प्रेमी

एवढी चर्चा झाली आणि यूव्हीचं (पायथनच्या आवृत्त्या आणि पॅकेजं सांभाळणारं साधन) नाव नाही? २०२४ मध्ये आलं. 'यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.८' म्हटलं की आधीच कंपाइल केलेलं पायथन उतरवतं, त्यामुळे ती डेव्ह फाइलींची वरात नको. 'यूव्ही व्हेन्व्ह --पायथन ३.१२' म्हटलं की आवृत्ती मशीनवर नसेल तर स्वतःच आणतं. '.पायथन-व्हर्जन' फाइलही वाचतं. पायएन्व्ह आता म्युझियममध्ये ठेवा.

सेमीकोलन

वेगवान आहे, मान्य. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मीही तेच सांगेन. पण मला कधीकधी डीबग पर्याय घालून स्वतः कंपाइल केलेलं पायथन लागतं, तिथे पायएन्व्हच. म्युझियममध्ये माझ्यासाठी खुर्ची असेल तर आनंदाने बसेन.

गोंधळलेला_गडी

हहपुवा.

आणखी एक. जुना प्रोजेक्ट सहज ३.१२ वर चालवून बघितला, म्हटलं कदाचित ३.८ लागणारच नाही. 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स'. हे कोण आता?

टर्मिनलवासी

डिस्टयूटिल्स हे पॅकेजं बांधायचं मॉड्यूल, पायथनबरोबरच यायचं. ३.१० पासून 'जाणार आहे' अशी सूचना देत होतं, ३.१२ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२३ ला, खरंच काढून टाकलं. त्यातच ३.१२ पासून नव्या व्हेन्व्हमध्ये सेटअपटूल्सही आपोआप येत नाही. व्हेन्व्हमध्ये 'पायथन -एम पिप इन्स्टॉल सेटअपटूल्स' करून बघा, त्याच्यासोबत डिस्टयूटिल्सची एक प्रत येते, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. चाललं तर ३.८ सोडाच. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलाय, सुरक्षेच्या दुरुस्त्याही आता येत नाहीत.

रात्रपाळी

आणि सीआयच्या (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरच्या) यामल फाइलीत, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलीत, आवृत्त्यांची यादी असेल तर अवतरणचिन्हं घाला. ३.१० असं उघडं लिहिलं की यामल ते दशांश संख्या समजून ३.१ वाचतं. मग सर्व्हर ३.१ शोधत बसतो. ३.८, ३.९ ला काही होत नाही, ३.१० लाच दात दाखवतं.

गोंधळलेला_गडी

सेटअपटूल्सने काम झालं! दोन टेस्ट पडतायत, पण त्या माझ्याच कोडमधल्या आहेत. ३.८ अजून काढत नाही, त्या दोन हिरव्या होईपर्यंत राहू दे.

सध्याची स्थिती: /यूएसआर/बिन/पायथन३ जसं होतं तसं ३.१०. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये .व्हेन्व्ह. बॅशआरसीमधली .लोकल/बिनवाली ओळ पायएन्व्हच्या वर नेली. टाइप -ए पायथन३ मध्ये आता तीनच ओळी येतात: शिम्स, /यूएसआर/बिन आणि /बिन.

जुनी_खिडकी

/यूएसआर/बिन आणि /बिन दोन्ही कसे? तिसरं पायथन कुठून आलं?

टर्मिनलवासी

एकच आहे ते. हल्लीच्या उबुंटूत /बिन ही /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी लिंक असते, म्हणून तीच फाइल दोनदा दिसते.

उंटावरून

मी 'मशीनवर पायथन घालायचंच कशाला' म्हणालो होतो ना. आत्ता सहज माझ्या मशीनवर टाइप -ए मारून बघितलं. सहा निघाले. त्यातलं /ऑप्टमधलं एक ३.६ आहे आणि ते मी कधी, कशासाठी घातलं काही केल्या आठवत नाहीये. काढून टाकलं तर काय काय पडेल, हे बघायचा काही मार्ग आहे का?